पुरात बुडालेली कमांडर : गंजलेले चारी शॉकअप घरी बदलले, त्याच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२२, रविवार

गाडी महिंद्रा कमांडर, १९९८ चं मॉडेल, एमएच-१० पासिंग, अण्णांनी शोरूममधनं नवी आणलेली. घर हरिपूरला, नदी जवळच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे विचार करा, तेव्हा आम्ही माणसं आणि जनावरं बाहेर काढली आणि गाडी शेडमध्येच राहिली. बॉनेट बुडलेलं, आठवडाभर तशीच. पाणी उतरल्यावर इंजिनचं, गिअरचं, हाऊसिंगचं (धुरीच्या लोखंडी खोळीचं) सगळं ऑइल काढलं, दुधाच्या चहासारखं आलं, दोनदा बदललं आणि गाडी चालू झाली. २०२१ च्या जुलैला मात्र शहाणे झालेलो, दोन दिवस आधीच विश्रामबागला पाहुण्यांच्या दारात नेऊन लावली. पण खालच्या लोखंडाकडं या तीन वर्षांत कुणी वाकून बघितलं नव्हतं, मीपण नाही.

आता अण्णांनी सांगितलंय की दत्त जयंतीला औदुंबरला याच गाडीतनं जायचं. दत्त जयंती ७ डिसेंबरला. म्हणजे हातात एक महिना आणि त्यातले रविवार चारच.

गाडी स्पीडब्रेकरवरनं उतरली की पुढं तीन-चार हेलकावे खाते, ब्रेक मारला की नाक खाली, आणि आष्ट्याकडं जाताना खड्ड्यात मागचं चाक आपटलं की ठोका थेट पाठीत बसतो. आज खाली शिरून बघितलं. चारी शॉकअपची (शॉक अब्सॉर्बर, गाडीचे हेलकावे थांबवणारी तेलाची नळकांडी) बाहेरची नळी गंजून पापुद्रे सुटलेत. पुढच्या दोन्हीवर तेल गळून त्यावर धूळ बसलेली. मागचा उजवा तर मोडूनच पडलाय, दांडा वरच्या टोपीत अडकलेला आणि नळी खाली लोंबतीय, कधी मोडला देव जाणे.

एक सांगतो, गाडीचा कोपरा हातानं दाबून शॉकअप बघायची पद्धत कारला ठीक, पाट्यांच्या (लोखंडी पट्ट्यांची चळत हीच स्प्रिंग असलेल्या) गाडीला त्याचा फार उपयोग नाही. पाटे एकमेकावर घासतात तेच गाडी हलू देत नाहीत, मग शॉकअप मेला तरी गाडी घट्टच वाटते. पुतण्याला मागच्या बंपरवर उभं करून उड्या मारायला लावल्या तेव्हा खरं कळलं.

गॅरेजला विचारलं, साडेसात हजार सांगितले मालासकट, पण त्याचं म्हणणं गॅस कटरनं सगळं कापून काढायचं. शॉकअपच्या नळीत तेल असतं, त्याला गॅसची ज्योत लावायची हे मला पटलं नाही. म्हणून घरीच करायचं ठरवलं. शॉकअपच्या टोकाची कडी, म्हणजे डोळा, पिनेवर बसतो. अशा आठ पिना आहेत, प्रत्येक चाकाला एक वर चासीच्या ब्रॅकेटला आणि एक खाली यू-बोल्टच्या प्लेटला (पाटे हाऊसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट). आज सगळ्या नटांवर वायर ब्रश मारला आणि डिझेल सोडलं.

९ नोव्हेंबर

काल ग्रहण होतं म्हणून अण्णांनी गाडीला हात लावू दिला नाही. आज कंपनीतनं आल्यावर बघितलं तर डिझेल आत गेलेलंच नाही, नुसतं वरनं वाहून खाली डाग पडलाय. शेजारचे तात्या चाळीस वर्षं जीपची कामं केलेले मिस्त्री आहेत, आता डोळ्यांमुळं बंद केलंय. त्यांनी सांगितलं, पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि थिनर निम्मं-निम्मं मिसळ, हलवून लगेच सोड, कारण दोन्ही वेगळं होतं. रोज संध्याकाळी सोडायचं आणि नटाच्या तोंडावर हातोडीनं टकटक करायचं, जोरात नाही. टकटक महत्त्वाची, त्यानं गंजात बारीक चिरा पडतात आणि तेल त्यातनं आत शिरतं. थिनर आहे, तर जवळ बिडी-काडी नको आणि ब्रेकच्या रबरी होजवर उडू देऊ नका, मी होजला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज सुरुवात केली आणि पहिल्या अर्ध्या तासातच मोठी चूक झाली. शेडमध्ये जमीन मातीची, काळी माती, वरनं वाळलेली दिसते पण आत ओल असते. जॅकखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. पुढची डावी बाजू उचलली, चाक सुटलं, आणि फरशी मधोमध फुटली, जॅक तिरका झाला आणि गाडी चार-पाच इंच सरकून खाली आली. खाली कुणी नव्हतं. पुतण्या पाना आणायला घरात गेलेला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. अण्णा पायरीवर बसून बघत होते, ते म्हणाले, "आरं बाबा, गाडी गेली तरी चालंल, तू तिच्याखाली जाऊ नगं."

त्यानंतर काम थांबवून आधी ही सोय केली. जॅकखाली बाभळीचा जाड ठोकळा, दोन फूट लांब. चासीखाली दोन लोखंडी स्टँड, त्यांच्याखालीपण फळ्या. काढलेलं चाक आडवं करून चासीखाली सरकवून ठेवायचं, स्टँड सुटला तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेकला काही अर्थच राहत नाही. हे सगळं करायला दुपार झाली. पण यातलं काहीही वगळू नका, हात जोडून सांगतो.

मग पुढचा डावा. खालचा नट दहा मिनिटांत सुटला, तात्यांच्या मिश्रणाची कमाल. वरचा सुटला पण शॉकअपचा डोळा पिनेवरनं निघेना. डोळ्यात रबरी बुश असतो, त्या बुशच्या आत लोखंडी नळी असते ती पिनेला गंजून एकजीव झालेली. टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढलं, घणानं मागून मारलं, नाही. दोन तास यात गेले. शेवटी तात्या काठी टेकत आले आणि म्हणाले, "शॉकअप कशाला वाचवतोस बाळ, तो टाकायचाच आहे. पिन वाचव."

हे वाक्य मला आधी ऐकायला मिळायला पाहिजे होतं. मी सगळा जोर शॉकअप अख्खा काढण्यात घालत होतो आणि घणाचे मार बसत होते पिनेला. मग ग्राइंडर घेतला, पातळ कटिंग डिस्क, डोळ्याची बाहेरची कडी उभी कापली आणि फाकवून काढली. रबर सुरीनं सोलून काढलं, ग्राइंडरनं कापायला गेलात तर धूर आणि वास नुसता. राहिली आतली नळी. तिला पिनेच्या लांबीनं एक चीर द्यायची, पण आरपार नाही, कागदाएवढी जाडी शिल्लक ठेवायची, मग चिरेत छिन्नी ठेवून एक टोला. नळी उकलते आणि पिनेवर ओरखडापण येत नाही. पहिल्या नळीला पाऊण तास लागला, पुढच्या खेपेला तेच वीस मिनिटांत जमलं.

ठिणग्या कुठं उडतायत ते बघा. ब्रेकचा पाईप तिथनंच जातो. मी ओलं गोणपाट टाकलं आणि बादलीभर पाणी शेजारी ठेवलं. डोळ्याला चष्मा पाहिजेच, पुतण्याला चष्मा नव्हता म्हणून त्याला ग्राइंडरच्या वेळी लांब उभं केलं.

दिवसाचा हिशोब, आठ पिनांपैकी दोन मोकळ्या.

१५ आणि १७ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी, बल्ब लावून. पुढचा उजवा दोन्हीकडनं सरळ सुटला, कापावं लागलं नाही. मागचा डावा खालून सुटला, वरची नळी उकलून काढावी लागली. म्हणजे सहा झाल्या.

शॉकअपपण याच दोन दिवसांत आणले आणि त्यात फसलो. एका दुकानात मागच्यांची जोडी पंधराशेला मिळाली, खोकं नावाजलेल्या कंपनीचं, बिल मागितलं तर म्हणाला कच्चं देतो. मी घेतली. घरी येऊन उभी धरून दाबून बघितली. आता हे नीट वाचा. तेलाचा शॉकअप आडवा पडून असेल तर आतली हवा वरखाली झालेली असते, म्हणून बसवायच्या आधी उभा धरून पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, असं आठ-दहा वेळा. पहिल्या दोन-तीन वेळी मध्ये एक पोकळ जागा लागते, तिथं हात एकदम सैल जातो, नंतर ती भरून येते आणि दोन्हीकडं मध्ये कुठं सैल न जाता सलग जोर लागायला लागतो. दाबताना कमी आणि ओढताना जास्त जोर लागला पाहिजे. माझ्या जोडीतल्या एकाची पोकळ जागा वीस वेळा करूनपण जाईना आणि दुसरा दाबताना-ओढताना सारखाच हलका, सायकलच्या पंपासारखा. दांड्यावर नख फिरवलं तर खरखर लागतीय. असला दांडा दोन महिन्यांत सील कापणार.

शिवाय लांबी. कंपनीत माझं काम तपासणीचं असल्यामुळं मोजायची सवय आहे, पण नेमकं दुकानात मोजलं नाही. गाडी चाकांवर उभी असताना मागं वरच्या पिनेपासनं खालच्या पिनेपर्यंत ३८ सेंटिमीटर. हाऊसिंग आणि बंप स्टॉपच्या (गाडी पूर्ण दबली की हाऊसिंग जिथं टेकतं त्या) रबरात अंतर ७. म्हणजे गाडी पूर्ण दबली तर पिनांमध्ये साधारण ३१ उरणार, तर शॉकअप दाबल्यावर ३१ पेक्षा आखूड व्हायला पाहिजे. मला दिलेला दाबून ३३ ला अडकतोय. तो बसवला असता तर मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आपटला असता आणि तो धक्का कुणाला, तर पिनेला आणि ब्रॅकेटला. चाक लोंबकळताना पिनांमध्ये ४४ येतंय, तर ओढल्यावर ४४ पेक्षा लांब पाहिजे, नाहीतर पाटे खाली जाताना शॉकअप ताणून तुटतो.

दुकानदारानं परत घेतले नाहीत, खोकं फोडलंय म्हणाला. पंधराशे गेले. दुसऱ्या दुकानातनं गॅब्रिएलचे चार घेतले, पक्क्या बिलावर, टेप घेऊन गेलो आणि काउंटरवरच दाबून-ओढून मोजले, २९ आणि ४६. पुढचे ११८० ला एक, मागचे १२४० ला एक. एका धुरीवर एक नवा एक जुना चालत नाही, जोडीनंच बदला.

२० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

राहिलेला मागचा उजवा, मोडलेला. वरची पिन सुटली. खालचा नट हलेना. बाकीच्यांना तेल मिळालं, याला पण मिळालं, पण हा चिखलात जास्त राहिलेला असणार, कारण शेडचा तो कोपरा सखल आहे. मी पान्याला तीन फुटी पाईप लावला. तात्या दुपारची झोप घेत होते, त्यांना विचारायला थांबलो नाही. जोर लावला, कुरकुर झाली, आणि मग पाना मऊ फिरायला लागला. मला वाटलं सुटला. अजून अर्धा आटा फिरवला आणि टक करून नट हातात आला, पिनेच्या तुकड्यासकट.

सुटणारा नट झटका देऊन सुटतो, कर्र असा आवाज येतो आणि मग सैल होतो. पिन पिळवटायला लागली की हाताला लोण्यात पाना फिरल्यासारखं लागतं, आवाज नाही, आणि जोर हळूहळू कमी होत जातो. मऊ लागलं की त्याच क्षणी थांबायचं, उलटा अर्धा आटा घट्ट करायचा, तेल सोडायचं, परत थोडं सैल, परत थोडं घट्ट. नाहीच तर नट उभा कापायचा, नट पाच-दहा रुपयांचा आहे. मला हे माहीत होतं, इतर सात ठिकाणी तेच केलं होतं. इथं संध्याकाळच्या आत संपवायची घाई केली.

त्यातच दुसरी चूक. बाकीच्या पिनांचे आटे साफ करायचे म्हणून डाय आणलेली. नटाला १९ चा पाना बसतो, म्हणजे बोल्ट १२ एमएम, असा सरळ हिशोब केला. पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर बघायची पानं) लावला तर १.२५ चं पान बसलं. सव्वाच्या पिचची बाराची डाय आणली २६० रुपयांची आणि पुढच्या उजव्या वरच्या पिनेवर लावली. घट्ट जातीय म्हणून गंज असेल असं वाटलं, एक आटा फिरवल्यावर चकचकीत लोखंडाची कातरण यायला लागली तेव्हा थांबलो. व्हर्नियर लावला तर पिन १२.७. अर्धा इंच! जुन्या जीपच्या घराण्यात आटे इंचातले असतात. अर्ध्या इंची बारीक आट्याच्या नटाला पाऊण इंची पाना लागतो, पाऊण इंच म्हणजे १९.०५ एमएम, म्हणून १९ चा पाना व्यवस्थित बसतो. आणि इंचात २० आटे म्हणजे पिच १.२७, म्हणून १.२५ चं पान डोळ्याला बरोबर वाटतं. दोन्हीकडनं फसवणूक. माझ्या गाडीचं हे असं, तुमच्या गाडीच्या पिना कुणी मधी बदलल्या असतील तर वेगळं निघेल, आधी पिनेची जाडी मोजा आणि मगच डाय विकत घ्या. नशिबानं पहिलाच आटा खराब झाला, नट पुढच्या आट्यांवर धरतो.

गणपती पेठेतनं अर्ध्या इंचाची बारीक आट्याची डाय आणली, ३४० रुपये. सात पिना साफ.

२३ नोव्हेंबर

पुढच्या डाव्या वरच्या ब्रॅकेटचा गंज ब्रशनं खरवडताना ब्रश आत गेला. ब्रॅकेट जिथं चासीला जोडलंय तिथं दीड इंची चीर आणि तिच्याशेजारी बोट जाईल एवढं भोक. शॉकअप बदलून घेतले असते आणि हे बघितलं नसतं तर नव्या शॉकअपनं पहिल्याच महिन्यात ब्रॅकेट उपटून काढलं असतं, कारण जुना मेलेला शॉकअप ब्रॅकेटला ओढतच नव्हता.

भोकातनं स्क्रू ड्रायव्हर घातला तर आत मऊ. चासीची पोकळ पट्टी, तिच्यात गाळ भरलाय. तार घालून ओढत बसलो, पुतण्या दुसऱ्या टोकाच्या भोकातनं पाण्याचा पाईप धरून. अर्धी पाटी गाळ निघाला, काळा, बारीक, त्यात नखाएवढे शंख. तीन वर्षं गाडी तो घेऊन हिंडतीय. पुरानंतर घरातला गाळ आम्ही आठ-दहा दिवस फावड्यानं काढला होता, भिंतीवर छातीच्या वर रेघ होती, अजून देवघराच्या मागं रंगाखालून दिसते. वाटलं होतं सगळा निघाला. अण्णा आले, चिमूटभर हातात घेऊन चोळून बघितला आणि म्हणाले हा नदीचाच, आपल्या रानाचा असता तर चिकट लागला असता. मग काही न बोलता जास्वंदीच्या बुडात टाकला.

तर ज्यांची गाडी पाण्यात राहिलीय त्यांनी चासीची पाणी निघायची भोकं शोधून तार घालून मोकळी करा. आमची सगळी गाळानं बंद होती, म्हणजे तीन पावसाळे आतलं पाणी आतच, गंज बाहेरनं आत नाही तर आतनं बाहेर आलाय. भोकं मोकळी करून दोन दिवस उन्हात गाडी तशीच ठेवली आणि मग आतून जुनं इंजिन ऑइल फवारलं. वेल्डिंगच्या जागेपासनं लांब राहून, ती जागा आधी वेल्डिंग होईपर्यंत कोरडी ठेवली.

२७ नोव्हेंबर, रविवार

वेल्डिंगवाला घरी आला, पाचशे घेतले. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेवल्या, अर्थिंगचा चिमटा ब्रॅकेटच्या अगदी जवळ साफ लोखंडावर लावला. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडलं म्हणजे चीर पुढं सरकत नाही, मग भरून घेतलं आणि भोकावर पट्टी. पातळ झालेलं लोखंड कापून चांगलं लोखंड लागेपर्यंत मागं जावं लागलं, गंजावर वेल्डिंग धरत नाही, नुसती जाळी होते. वरनं रेड ऑक्साईडचे दोन हात.

मोडलेल्या पिनेचं काम याच आठवड्यात झालं. पिन यू-बोल्टच्या प्लेटलाच असते. मी म्हटलं अर्ध्या इंची बोल्ट आणून वेल्ड करू, तात्यांनी साफ नाही म्हटलं, कडक बोल्टाला वेल्डिंगची आच लागली की डोक्यापाशी ठिसूळ होतो आणि मोडला तर रस्त्यावरच मोडतो. मिरजेत भंगारवाल्याकडं प्लेट शोधली, दोन मिळाल्या पण दोन्हींच्या पिना माझ्यापेक्षा वाईट. शेवटी कुपवाडला लेथवर नेली. त्यांनी जुना खुंट ड्रिलनं काढला, ईएन-८ (एक प्रकारचं पोलाद) च्या सळीची नवी पिन कॉलर ठेवून टर्न केली, प्लेटच्या भोकात दाबून बसवली आणि मागच्या बाजूनं वेल्ड केली, तिथं भार येत नाही. आटे सोबत नेलेल्या नटावर तपासून पाडले. साडेसहाशे रुपये.

प्लेट काढायची म्हणजे यू-बोल्ट काढायचे, आणि गंजलेले यू-बोल्ट परत लावायचे नसतात. चार नवे, दोन त्या बाजूचे लागणार होते पण दुसऱ्या बाजूचेपण बदलले, ६४०. बसवताना हाऊसिंग जॅकवर धरून पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं त्याच्या भोकात बसलंय याची बोटानं खात्री केली. तरी एक चूक झाली, मी एकाच बाजूचे दोन नट आधी पूर्ण आवळले, प्लेट तिरकी बसली आणि पिन पुढं झुकलेली दिसायला लागली. सगळे सैल करून, कोपऱ्याकोपऱ्यानं थोडं थोडं असं परत आवळले तेव्हा सरळ झाली. एक तास.

३० नोव्हेंबर

चारी शॉकअप बसले. दोन तासांत. एवढ्या दिवसांच्या कामात प्रत्यक्ष शॉकअप बसवायला लागलेला वेळ फक्त दोन तास.

बुशला ग्रीस लावू नका, रबर फुगून खराब होतं. साबणाचं पाणी लावलं की बुश सरकतो आणि नंतर वाळून जातो. पिनेवर मात्र आट्यांना थोडं ग्रीस, पुढच्या माणसाला, म्हणजे बहुतेक मलाच, परत कापाकापी नको. डोळा पिनेसमोर येत नसेल तर हाऊसिंगखालचा जॅक इंचभर वरखाली करायचा, शॉकअपला ओढायचं नाही.

नट आधी नुसते हातानं लावले, गाडी चाकांवर उतरवली, पुतण्याला मागं बसवून दोन-तीन हेलकावे दिले आणि मग आवळले. गाडी टांगलेली असताना आवळलं तर बुशचं रबर त्या टांगलेल्या कोनात धरलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. किती आवळायचं तर वायसरच्या कडेनं रबर जरासं फुगलेलं दिसलं की बास.

१ डिसेंबर

सांगलीत जाऊन आलो, पुढं डावीकडनं चिर्र चिर्र. खाली बघितलं तर ब्रॅकेट आणि बुशच्या मधला आतला वायसर घालायचा राहिलेला, रबर थेट ब्रॅकेटवर घासतंय. तो वायसर शेडच्या कट्ट्यावर सापडला. परत चाक, परत जॅक, दीड तास. बसवायच्या आधी आठ ठिकाणचे सोळा वायसर मोजून वेगळे ठेवायला पाहिजे होते.

४ डिसेंबर, रविवार

आष्ट्यापर्यंत जाऊन आलो, पेठ रस्त्यानं, मुद्दाम, कारण यापेक्षा चांगली परीक्षा जवळपास नाही. उसाचे ट्रॅक्टर चाललेले, दोन-दोन ट्रेलरचे, त्यांच्यामागं हळू जावं लागलं. स्पीडब्रेकरनंतर गाडी एकदा वर येते आणि बसते. ब्रेकला नाक पूर्वीइतकं जात नाही. खड्डा अजून कळतोच, पाट्यांची गाडी आहे, ती काय कार होणार नाही, पण चाक रस्ता सोडत नाही, हा फरक स्टिअरिंगला लगेच कळतो. परत आल्यावर यू-बोल्ट आवळून बघितले, चार नट थोडे थोडे फिरले.

खर्च लिहून ठेवतो, कुणी करणार असेल तर अंदाज यावा. शॉकअप चार ४८४०. नकली जोडी १५००. जादा बुश आणि वायसर ३२०. कटिंग डिस्क सहा, २१०. दोन डाय मिळून ६००. तेल, थिनर, ब्रश, रेड ऑक्साईड, काळा रंग ७८०. यू-बोल्ट ६४०, लेथ ६५०, वेल्डिंग ५००. एकूण १०,०४०. गॅरेजच्या साडेसात हजारांपेक्षा जास्त. यातले नकली जोडीचे १५००, चुकीच्या डायचे २६० आणि पिन मोडल्यामुळं लागलेले १२९०, म्हणजे ३०५० माझ्या चुकांचे. ते वजा केले तर सात हजारांच्या आत झालं असतं. वेळ सगळा धरून ३१ तास. पण चासीतला गाळ आणि ब्रॅकेटची चीर गॅरेजमध्ये कुणी बघितली असती असं मला वाटत नाही, म्हणून मला वाईट वाटत नाही.

७ डिसेंबर

औदुंबर. सकाळी साडेसहाला निघालो, अण्णा पुढं, आई आणि वहिनी मागं, तात्यांना पण घेतलं. भिलवडीपाशी गर्दी होती, गाडी लांब लावून चालत गेलो. परत येताना मागच्या सीटवर आईला झोप लागली. या गाडीत तिला झोप लागलेली मी आजवर बघितली नव्हती. तात्या वाटेत एकदाच बोलले, मागं उजवीकडं कान देऊन, "पिन गप हाय."

२५ डिसेंबर, रविवार

५०० किलोमीटर झाले. आठही नट तपासले, नव्या पिनेचा नट पाव आटा फिरला, बाकी सात जागेवर. यू-बोल्ट परत एकदा घेतले, आता फिरत नाहीत. वेल्डिंगच्या कडेला चीर नाही, रंगपण तसाच. चारी नळ्यांवर बोट फिरवलं, धूळ कोरडी, तेलाचा ओलावा कुठंच नाही. मागच्या डाव्या शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश ढिले झालेत ते आता शॉकअप चांगले असल्यामुळं जाणवायला लागलंय, टॉमी घातली तर पाव इंच हलतं. ते लगेच करत नाही, जानेवारीत हळद काढायला सुरू होईल तेव्हा गाडी रोज लागणार. हळद मार्केट यार्डात पोचली की मग काढतो, तोवर त्या नटांवर आजपासनं रोज तेल आणि टकटक चालू केलंय.